लांडगा आला रे आला, पण कुठला?

यावेळी प्रश्न इतके आलेत की निम्मे पुढच्या अंकात ढकलावे लागतायत, रागावू नका. बहुतेक सगळे मेलवर, एकच पोस्टकार्ड आलंय आणि तेही इतक्या सुरेख अक्षरात की उत्तर द्यायला लाज वाटली, पण ते माशांचं आहे, खाली येईलच. आधी लांडगा, कारण एकट्या त्याच्याबद्दलच अकरा मेल आहेत.

प्रश्न : ताई, अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा परत जन्माला घातला असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, पांढऱ्याशुभ्र पिल्लांचा व्हिडिओपण आहे. आता डायनोसॉर पण येणार का? माझी नातवाशी पैज लागलीये. (एक आजोबा, कर्वेनगर)

आजोबा, पैज कुठल्या बाजूने लावलीत ते लिहिलंच नाहीत, त्यामुळे निकाल सांगते, पैसे कोणी द्यायचे ते तुम्ही दोघं बघा.

डायनोसॉर नाही. डीएनए ही वस्तू टिकाऊ नाहीये, मेल्यावर ती तुटत जाते, अगदी बर्फात गोठलेली असली तरी. आत्तापर्यंत वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, साधारण २० लाख वर्षांचा. डायनोसॉर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे विषयच संपला.

लांडग्याचं जरा निवांत सांगते. ती पिल्लं खरी आहेत, व्हिडिओ खोटा नाही. कोलोसल बायोसायन्सेस नावाची टेक्ससमधली कंपनी आहे, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की आम्ही डायर वुल्फ परत आणला. हा डायर वुल्फ अमेरिका खंडात राहायचा, आताच्या लांडग्यापेक्षा दांडगा, आणि दहा-बारा हजार वर्षांपूर्वी संपला. त्यांना मिळालं होतं काय तर एक १३ हजार वर्षांपूर्वीचा दात आणि एक ७२ हजार वर्षांपूर्वीची कवटी. त्यातून त्यांनी डीएनए वाचला, मग आजच्या करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या, क्रिस्पर (डीएनए हवा तिथे कापून बदलायचं तंत्र) वापरून त्यांच्या १४ जनुकांमध्ये मिळून २० बदल केले, त्या पेशीचं केंद्रक कुत्रीच्या बीजांडात घातलं आणि कुत्रीच्याच पोटी पिल्लं वाढवली. दोन नर ऑक्टोबर २०२४ मध्ये जन्मले, एक मादी जानेवारी २०२५ मध्ये. तांत्रिकदृष्ट्या हे काम भारीच आहे, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

पण आता हिशोब बघा. लांडग्याच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएत मिळून, सुमारे २४० कोटी अक्षरं असतात. कंपनीच म्हणते की दोन्ही प्राण्यांचा डीएनए ९९.५ टक्के सारखा आहे. उरलेला अर्धा टक्का म्हणजे किती, तर सव्वा कोटीच्या आसपास अक्षरं. त्यातले बदलले वीस. शिवाय त्या विसातले पाच तर डायर वुल्फचे नाहीतच, ते पांढऱ्या रंगासाठी वगैरे आजच्याच प्राण्यांमधून उचललेत. आपल्या भाषेत सांगायचं तर साध्या वरणात गोडा मसाला आणि आमसूल टाकलंत तर छान आमटी होईल, पण ती कटाची आमटी होणार नाही, त्याला आधी पुरण शिजवून त्याचा कट काढावा लागतो. आणि २०२१ मध्ये नेचर या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार डायर वुल्फची शाखा लांडग्यांपासून ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती, म्हणजे दिसायला लांडगा पण नात्याने बराच लांबचा. आययुसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेचा जो कुत्रा-लांडगा कुळातल्या प्राण्यांचा तज्ज्ञ गट आहे त्यांनीही स्पष्ट सांगितलं की हे डायर वुल्फ नाहीत. पुढे कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शपिरो यांनीपण मान्य केलं की हे वीस बदल केलेले करडे लांडगेच आहेत. त्यामुळे नातू "आले परत" म्हणत असेल तर तो हरला.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आजोबा, तुम्ही कर्वेनगरला राहता, तिथून तास-दीड तासावर सासवड-जेजुरीच्या माळावर खराखुरा लांडगा आहे, आणि तोही ऐरागैरा नाही. २०२१ मध्येच चार भारतीय लांडग्यांचे पूर्ण जीनोम वाचून एक अभ्यास आला, त्यात दिसलं की जगात आज जिवंत असलेल्या करड्या लांडग्यांमध्ये आपला लांडगा सगळ्यात जुन्या, सगळ्यात वेगळ्या शाखांपैकी एक आहे. युरोप-अमेरिकेतले लांडगे एकमेकांना जेवढे जवळचे तेवढा हा त्यांना नाही. देशभरात मिळून दोन-तीन हजार असतील असा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षाही कमीच. आणि राहतो कुठे तर ज्याला सातबारावर "पोटखराबा" म्हणतात अशा माळावर, जिथे उद्या प्लॉटिंगच्या पाट्या लागतात.

मी पहिल्यांदा बघितला तो जेजुरीच्या अलीकडे, डिसेंबरातली पहाट, दात वाजत होते. सोबत ज्यांच्या मेंढरांचा वाडा तिथे बसला होता ते धनगर मामा होते. दोन प्राणी उतारावरून गेले, मी लगेच कॅमेरा काढून "लांडगे, लांडगे" करत सुटले. मामा म्हणाले, "म्होरचा लांडगा हाय. मागल्याची शेपटी बघा की ताई, वर हाय." लांडग्याची शेपटी खाली लोंबते, कुत्रा ती वर वळवून चालतो. मागचा रंगाने लांडगाच होता, चाल लांडग्याची, पण शेपटी अर्धवट वर. मामांनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, असली हल्ली लई दिसत्यात.

मला तेव्हा वाटलं मामांचं काहीतरीच. पण पुण्यातल्या द ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांनाही आपल्या भागातल्या कळपात वेगळ्याच पिवळट रंगाचे प्राणी दिसले होते, त्यांनी ते सोडून न देता नमुने बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत पाठवले, तिथे जीनोम वाचला आणि २०२३ मध्ये पेपर आला: भारतात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा पहिला जनुकीय पुरावा. तो पुणे जिल्ह्यातला. मामांना पेपर दाखवायला गेले तर वाडा पुढे कोकणाकडे निघून गेला होता.

हे का होतं, तर माळावर पोल्ट्रीची मेलेली कोंबडी फेकतात, त्यावर कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या जातात, लांडग्याला जोडीदार मिळेनासा झाला की तो जे आहे त्याच्याशी जमवतो. संकर म्हटलं की लगेच वाईटच असं मात्र नाही हं. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये काळे लांडगे आहेत, त्यांचा काळा रंग मुळात फार पूर्वी कुत्र्यांकडून आलेल्या जनुकामुळे आहे, आणि जिथे डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूजन्य रोगाची, साथ येते तिथे त्याचा फायदाच होतो असं २०२२ च्या अभ्यासात दिसलं. पण तिथे ते केव्हातरी एकदा घडलं आणि मग निवड व्हायला हजारो वर्षं मिळाली. इथे दोन-तीन हजार लांडगे आणि कुत्री कोट्यवधी. दुधात पाणी घालताना दूध किती आहे ते पण बघावं लागतं ना.

प्रश्न : एखादा प्राणी नाहीसा झाला तर माणसाचं नक्की काय बिघडतं? आकड्यात सांगा, भावनिक नको. (इंजिनियर आहे, हिंजवडी)

सांगते, आकड्यातच. नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध जनावरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं. ते दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं. कारण काय ते २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कळलं, २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी बंदी आली. आता तुमचा आकडा: एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ज्या जिल्ह्यांत आधी गिधाडं भरपूर होती आणि ज्यात नव्हतीच अशांची मृत्युदरावर तुलना केली, ते २०२४ मध्ये छापून आलं, आणि त्यांच्या हिशोबाने २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. सडकी जनावरं उघड्यावर, पाण्यात घाण, आणि गिधाडांचं जेवण कुत्र्यांच्या वाट्याला गेल्यामुळे रेबीज. हो, परत कुत्रीच. माझ्या लहानपणी गावाबाहेर हाडकीच्या जागेवर मेलेला बैल टाकला तर तासाभरात सांगाडा उरायचा, आम्ही पोरं लांब उभं राहून बघायचो आणि आजी घरी आल्यावर अंघोळ घालायची.

प्रश्न : आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून बिल्डिंग झाली, तेव्हापासून चिमण्या गेल्या. मोबाईल टॉवरमुळे गेल्या ना? (एक काकू, सदाशिव पेठ)

काकू, चिमण्या वाड्याबरोबर गेल्या. टॉवरमुळे चिमण्या मेल्या असा पक्का पुरावा कुणी दिलेला नाही, आणि गंमत म्हणजे देशपातळीवर चिमणी संपतपण नाहीये. २०२० मध्ये पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदी एकत्र करून भारतातल्या पक्ष्यांचा जो अहवाल निघाला त्यात चिमणी एकूणात स्थिर निघाली, मोठ्या महानगरांमध्ये मात्र घटलेली. खेड्यात जाऊन बघा, कणग्यांवर कलकलाट असतो.

तिला लागतं काय ते बघा. भिंतीत भोक, वाशाखाली फट, मीटरच्या पेटीमागे जागा. तुमच्या नव्या बिल्डिंगच्या काचेच्या भिंतीत ती घरटं कुठे घालणार. दुसरं म्हणजे पिल्लांना दाणे चालत नाहीत, त्यांना पहिले दिवस किडे-अळ्याच लागतात, आणि सोसायटीत पेव्हर ब्लॉक घातलेत, दर महिन्याला पेस्ट कंट्रोल होतं, मग अळी येणार कुठून. त्या २० मार्चला, चिमणी दिनाला, सगळेजण पाण्याची भांडी ठेवतात ना, छानच आहे ते, पण चिमणीच्या पिल्लाला तुमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावरची अळी जास्त उपयोगाची.

आता जे मला फार आवडतं ते. चिमणीची एक जंगली पोटजात आहे, मध्य आशियातली, ती माणसाजवळ राहत नाही, गवताचं बी खाते आणि थंडीत स्थलांतर करते. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी आपल्या घरच्या चिमणीचा जीनोम तिच्याशी ताडून बघितला. ठळक फरक निघाला तो दोन जनुकांच्या जागी. एक कवटीच्या आणि चोचीच्या घडणीशी संबंधित, कारण शेतातलं धान्य जंगली बियांपेक्षा मोठं आणि टणक. आणि दुसरं ॲमिलेजचं, म्हणजे पिष्ट पचवणारं. माणसाने शेती सुरू केली आणि ही बाई त्याच्या मागे मागे आली, आपलं सांडलेलं खाऊन बदलली. कुत्र्यातही हेच झालंय: लांडग्याकडे त्या प्रकारच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यांमध्ये ४ पासून ३० पर्यंत सापडल्यात, हे २०१३ मध्ये कळलं. आणि आपणही त्यातलेच, आपल्या लाळेतल्या ॲमिलेजच्या जनुकाच्याही अनेक प्रती असतात, म्हणून तर भाकरी नीट चावली की गोड लागते. एका भाकरीच्या तुकड्यावर तीन वेगळे प्राणी. तुमच्या वाड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीशी जी चिमणी यायची ना काकू, तिची तुमच्या घराशी ओळख दहाएक हजार वर्षांची होती, बिल्डरला अठरा महिने लागले.

प्रश्न : मी दर वर्षी वाढदिवसाला नदीत माशांचे बोटुकले सोडतो. निसर्गाला मदत होते ना? (पोस्टकार्डवाले, वय ७९, औंध)

काका, तुमचं अक्षर बघून खोटं बोलवत नाही. आधी गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा.

१८३९ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं. त्यात एक मोठ्या खवल्यांचा महासीर होता, पुण्याच्या पूर्वेला काही कोसांवर मुळा-मुठेत पकडलेला. त्याने नाव दिलं खुद्री, आपल्याच मराठी लोकांकडून ऐकलेलं. शास्त्रीय नावातही आजतागायत तेच आहे, टॉर खुद्री. म्हणजे जगातल्या कुठल्याही म्युझियममध्ये हा मासा ओळखायचा झाला तर मूळ पत्ता आपल्या नदीचा. आज त्या जागी पुलावरून नाक दाबून बघा, काय दिसतं ते.

पुढे सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या हॅचरीत याची पिल्लं मोठ्या प्रमाणात तयार व्हायला लागली. हेतू चांगला होता, मासा कमी होत होता, आणि त्या लोकांनी महासीरची पैदास करण्याचं तंत्र बसवलं ही मोठी गोष्ट आहे. पिल्लं वेगवेगळ्या राज्यांत गेली, त्यात कर्नाटकात कावेरीतपण सोडली. आता कावेरीत आधीपासून दुसराच महासीर होता, पाठीवर मदार असलेला, केशरी परांचा, राक्षसी आकाराचा. १९४६ मध्ये एका शिकाऱ्याने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा पकडला होता, तेवढ्या वजनाचं आठवी-नववीतलं पोर असतं. गळ टाकणारे लोक जगभरातून यायचे त्याच्यासाठी. आणि एवढ्या प्रसिद्ध माशाला नीट शास्त्रीय नावच नव्हतं! २०१८ मध्ये जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासून ठरलं की हा टॉर रेमादेवी, त्या पेपरवर तेव्हा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत असलेले नीलेश डहाणूकरही आहेत. नाव मिळालं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीतही गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच, पण एक कारण म्हणजे बाहेरून आणून सोडलेला आपला खुद्री. घरी मुळा-मुठेत आपल्याला तो टिकवता आला नाही आणि पाहुणा म्हणून गेला तिथे यजमानाची जागा घेतली.

तर काका, तुमच्या बोटुकल्यांची पिशवी कुठून येते ते विचारा. बाजारातून आणलेली असतील तर बहुतेक कटला-रोहूची असणार, आणि हे मासे गंगेकडचे, मुळा-मुठेचे नाहीत. तिलापिया किंवा गप्पी असतील तर बिलकुल सोडू नका. वाढदिवसाला काही करायचंच असेल तर राम नदीच्या काठी शनिवार-रविवारी कचरा उचलणारे लोक असतात, त्यांना चहा पाजा. चालेल ना? आणि पुढचं पत्रही पोस्टकार्डवरच पाठवा.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला तर आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत? (आठवीतला मुलगा, हडपसर)

चुलतभाऊ तुझ्यासारखा का होत नाही? कारण तुमचे आजोबा एक, तू त्याच्या पोटी जन्मलेला नाहीस. चिंपांझी आणि आपण यांचे पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी एक होते, मग दोन घरं वेगळी झाली. तोही तेवढीच वर्षं बदलत आलाय, त्याच्या जंगलाला लागेल तसा. सरांना हे उत्तर दाखव आणि मार्क दिले नाहीत तर मला कळव.

प्रश्न : मुलाने ऑनलाइन किट मागवून माझी थुंकी पाठवली. रिपोर्टमध्ये "२ टक्के निअँडरथल" आलंय. सूनबाई तेव्हापासून हसतायत. हे काय आहे? (एक बाई, बिबवेवाडी)

घाबरू नका, हा आजार नाही. निअँडरथल म्हणजे युरोप आणि पश्चिम आशियात राहणारी माणसाचीच दुसरी जात, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी संपली. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आपल्या पूर्वजांची त्यांच्याशी गाठ पडली आणि, आता मासिकात कसं लिहू, संसार झाले. २०२४ च्या शेवटी आलेल्या अभ्यासानुसार हे साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात घडलं, म्हणजे सात हजार वर्षं चालू होतं. हे सगळं वाचता येतं ते स्वांते पेबो यांनी हाडातून जुना डीएनए काढायची पद्धत बसवली म्हणून, त्यांना २०२२ चं नोबेल मिळालं. मजा बघा, डायर वुल्फवाल्यांचा खेळही शेवटी जुना डीएनए वाचण्याच्या याच विद्येवर उभा आहे.

यातलं एक मात्र आपल्या कामाचं आहे. २०२० मध्ये पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथलकडून आलेला तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका जास्त. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे, बांगलादेशात ६३ टक्के लोकांकडे, युरोपात सुमारे १६ टक्के. मग पुढच्याच वर्षी त्यांनाच बाराव्या गुणसूत्रावर दुसरा निअँडरथल तुकडा सापडला जो उलट संरक्षण देतो. म्हणजे वारशात सासूबाईंचे दागिनेही आले आणि कर्जही आलं. तुमच्याकडे यातलं काय आहे ते असल्या रिपोर्टवरून ठरवत बसू नका, एका तुकड्याने माणसाचं नशीब ठरत नाही, वय आणि शुगर त्याहून जास्त ठरवतात.

आणि सूनबाईंना सांगा की आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांमध्ये हे एक-दोन टक्के असतंच. पुढच्या वेळी किट मागवलं की त्यांची थुंकी पाठवा, त्यांचंही तेवढंच निघेल.